सांता रुफिना : चांदीच्या गावाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. चार जणांनी खेळायचा पटावरचा खेळ. विषय : चांदीची खाण आणि तिच्याभोवती वसलेलं व्यापारी गाव. गाव काल्पनिक. ते वसायचं, फुगायचं आणि मोडायचं, सगळं दोन तासांत. आम्ही तिघं आहोत. पट, चित्रं आणि नियम माझ्याकडे. आकडेमोड सीएसाहेबांकडे, म्हणजे शाळेपासूनचा मित्र, जो वर्षभर लोकांचे ताळेबंद जुळवतो आणि आता सोंगट्यांचे जुळवणार आहे. तिसरी ताई. ती भूगर्भशास्त्र शिकवते आणि न मागता सल्ले देते. गणपतीपर्यंत खेळता येईल असा नमुना हातात हवा.

मी गाव सह्याद्रीत टाकलं होतं. घाटमाथा, धुकं, तांडे, खाली बंदर. नकाशा अर्धा रंगवूनही झाला होता. ताईने चहाचा कप खाली ठेवला. "बेसॉल्टमध्ये चांदी कुठून आणणारेस?" लाव्हाचा दगड हा, यात चांदीच्या शिरा नसतात. आपल्याकडची चांदी येते मुख्यतः राजस्थानातून, तीही शिसं-जस्ताच्या खनिजासोबत. झावरच्या खाणी शेकडो वर्षं जुन्या आहेत. खेळ काल्पनिक आहे, दगड नाही, असं तिचं म्हणणं. नकाशा फाडला नाही, मागची बाजू कोरी आहे.

११ जून

तीन जागा चर्चेत होत्या. जपानातली इवामी गिन्झान, मेक्सिकोतलं साकातेकास आणि बोलिव्हियातलं पोतोसी. इवामीचा मोह फार झाला, कारण तिथे गोवा आपसूक येतो. पोर्तुगीजांचं जहाज दरवर्षी गोव्याहून मकावला आणि तिथून जपानला जायचं, रेशीम देऊन चांदी उचलायचं. पण शेवटी पोतोसी. कारण एकच, उंची. गाव समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरवर, आणि त्याच्या डोक्यावर सेर्रो रिको हा डोंगर आणखी ७०० मीटर. तिथे धड काही पिकत नाही. भाकरीपासून मेणबत्तीपर्यंत सगळं खालून आणायचं. व्यापाराच्या खेळाला याहून चांगली जागा नाही.

आमचं गाव पोतोसी नव्हे, त्याचं मानसचुलत भावंड. नाव सांता रुफिना. नियम मात्र पोतोसीच्या हकिकतीतूनच उचलायचे, मनाचं काही घुसडायचं नाही, एवढं तिघांत ठरलं.

१५ जून, रविवार

पहिला चाचणी डाव. जुन्या लग्नपत्रिका कापून चांदीचे ४० पत्ते केले होते. पत्ते संपले की खाण संपली, खाण संपली की गाव संपलं, ज्याच्याकडे जास्त चांदी तो जिंकला. खेळ सपक निघाला. सीएसाहेब पहिल्या फेरीपासून पत्ते मोजत होते. शेवटचे सात-आठ उरले तसे सगळ्यांनी हात आखडले. मरण कधी आहे हे माहीत असलेलं गाव कोणी बांधतच नाही.

१९ जून

चार दिवस फक्त वाचन. आणि मुख्य चूक सापडली. पोतोसीची चांदी संपलेलीच नाही! १५४५ साली सुरू झालेल्या त्या डोंगरात आजही लोक कुदळ घेऊन उतरतात, सहकारी संस्था करून. डोंगराची इतकी चाळण झाली आहे की माथा खचतो आहे. २०१४ साली युनेस्कोने त्याची नोंद धोक्यातल्या वारशांत केली. म्हणजे "पत्ते संपले" हा शेवट खोटा.

मग पडझड कशाने झाली? हाच आता खेळाचा विषय. खाणीतला माल एका दिवशी संपत नाही, त्याचा कस उतरत जातो. सुरुवातीची वरची चांदी इतकी समृद्ध होती की अँडीजमधले स्थानिक लोक ती साध्या मातीच्या भट्ट्यांत गाळायचे. या भट्ट्यांना भोकं असत आणि भाता म्हणजे डोंगरावरचा वारा. क्वेचुआ भाषेत वारा म्हणजे वायरा, भट्टीचं नावही तेच. स्पॅनिश लोकांनी आपले भाते लावून पाहिले, जमलं नाही. त्यामुळे पहिली पंचवीसेक वर्षं डोंगर त्यांच्या मालकीचा आणि चांदी गाळायची अक्कल दुसऱ्याची. रात्री उतारावर या हजारो भट्ट्या पेटलेल्या दिसत. पटाच्या वरच्या कोपऱ्यात हे चित्र हवंच. काळा डोंगर आणि त्यावर केशरी ठिपके. आज सात प्रयत्न केले. सहा वेळा तो दिवाळीचा आकाशकंदील वाटला.

२८ जून, शनिवार

हुपरीला मामांकडे. कोल्हापूरपासून जवळच, सगळं गाव चांदीच्या कामातलं. वस्तुतः कामाला गेलो होतो, मामींनी जेवणात तीन तास घेतले.

मामांच्या कारखान्यात पैंजणाच्या कड्या जोडणं चालू होतं. मी मुशीकडे बघत होतो, मामा फरशीकडे. दुपारी सुट्टीच्या वेळी त्यांनी मऊ कुंचल्याने सगळी फरशी झाडली, पाटाखालची, दाराच्या फटीतली, बसायचं पोतंसुद्धा झटकलं, आणि तो केर एका पत्र्याच्या डब्यात भरला. चिमूटभर काळपट माती, मध्ये एखादा कण चमकतोय. "ह्यात काय आहे मामा?" "ह्यात वर्साची घरपट्टी हाय," मामा म्हणाले. "झाडल्याली माती टाकायची न्हाई, बरं का." ही माती धुऊन त्यातली चांदी काढणारा तो झारेकरी. धंदा जुना, शब्द आता माझ्या वयाच्यांना ठाऊक नाही.

परत येताना एसटीत वही उघडली. पोतोसीतही झारेकरी होते की! त्यांना काखचा म्हणत. शनिवारी रात्री खाणीचं काम थांबायचं, सोमवारी पहाटे सुरू व्हायचं. मधल्या वेळात हे लोक आत उतरून आपल्यापुरतं खनिज काढायचे आणि दगडी हातगिरण्यांवर दळायचे. अठराव्या शतकात मोठ्या मालकांची गाडी रडतखडत चाललेली असताना या भुरट्या म्हणवल्या जाणाऱ्यांची चांदी बऱ्यापैकी निघत होती. मालकांनी तक्रारी केल्या. पण सरकारी पेढीने ती चांदी विकत घेतलीच.

प्रत्येक चौथ्या फेरीला "रविवार" येणार. काखचाची सोंगटी कोणाच्याही खाणीत जाऊ शकेल.

५ जुलै

अवघड दिवस. मजुरांच्या सोंगट्या.

१५७२च्या सुमारास पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय (राजाचा प्रतिनिधी) फ्रान्सिस्को दे तोलेदो याने दोन गोष्टी एकत्र आणल्या. एक पारा, दुसरी मिता. मिता म्हणजे वेठ. इंकांच्या राज्यातही ती होती. तोलेदोने खाणीसाठी तिला जुंपलं. सोळा प्रांतांनी दरवर्षी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी साधारण सातवा माणूस पोतोसीला पाठवायचा. वर्षाला १३,००० हून जास्त. एक आठवडा काम, दोन आठवडे विसावा, असं कागदावर. म्हणजे एका वेळी ४,५०० च्या आसपास. टिटिकाका सरोवराकाठची माणसं बायकापोरं आणि लामांचे कळप घेऊन कित्येक आठवडे चालत यायची. मजुरी मिळायची, पण तेवढ्यात पोट भरत नसे.

सीएसाहेबांच्या तक्त्यात हे "मजूर : २ नाणी प्रति फेरी" एवढंच होतं. मला ते लाकडी ठोकळे हातात धरवेनात. ठोकळा खाणीत ठेवायचा, चांदी उचलायची, ठोकळा मेला तर डब्यातून दुसरा काढायचा. हा डबा कुठून आला? त्यात ठोकळे कोण भरतंय? दोघांचा तासभर वाद झाला. तो म्हणाला, खेळ आहे, शोकसभा नाही. बरोबर आहे त्याचं. पण डबा काढून टाकला.

आता प्रत्येक खेळाडूसमोर एक छोटा वेगळा पट आहे, गावाचा. त्यावर सात घरं, सात शेतं, सात सोंगट्या. खाणीत पाठवायची सोंगटी इथूनच उचलायची. उचलली की ते शेत पडीक, आणि पुढच्या फेरीला मका कमी. दोन उचलल्या तर तिसरी आपोआप पळून जाते. हेही खरं आहे. मिता चुकवायला लोक गाव सोडून लागू नसलेल्या प्रांतात परके म्हणून राहायला गेले. मागे उरलेल्यांवर ओझं तेवढंच, माणसं कमी.

१२ जुलै, शनिवार

आज तारीख लिहिताना हात थांबला. पानशेत. आई त्या वेळी सहा वर्षांची होती, नारायण पेठेत. ती आजही पाऊस लागला की जिन्याकडे बघते.

पोतोसीलाही धरण फुटलं होतं. तिथल्या गिरण्या पाण्यावर चालायच्या. लोखंडी बोंड लावलेले मुसळ वरखाली होऊन खनिजाचं पीठ करायचे. उंचावर पाऊस काही महिनेच, म्हणून डोंगरांत तलाव बांधले आणि गावातून कालवा काढला, त्याच्या दोन्ही काठांना गिरण्या. १५ मार्च १६२६ रोजी सान इल्देफोन्सो तलावाचा बांध गेला. दोनेक तासांत पाणी गावातून फिरून गेलं आणि बहुतेक गिरण्या मोडल्या.

पत्ता तयार केला. चित्र काढलं नाही. पत्त्यावर फक्त तारीख आहे.

२० जुलै, रविवार

दुसरा चाचणी डाव, पाऱ्यासकट. जमतंय!

पारा येतो पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतून. चामड्याच्या पिशव्यांत, लामांच्या पाठीवर समुद्रापर्यंत, मग जहाजाने आरिका बंदराला, तिथून परत चढण. खनिजाचं पीठ, मीठ, पाणी आणि पारा कालवायचा, पायाने तुडवायचा, दिवसेंदिवस मुरू द्यायचा. चांदी पाऱ्यात विरघळते. तो गोळा धुऊन, पिळून, तापवला की पारा उडतो, चांदी राहते. ही युक्ती बार्तोलोमे दे मेदिनाने मेक्सिकोत पाचुकाला १५५४ साली बसवली होती. पोतोसीच्या थंडीत मिश्रण लवकर मुरेना, म्हणून कालवणाच्या पेट्यांखाली जाळ घालायला लागला. उडालेला पारा कुठे जायचा? छातीत.

खेळाच्या दृष्टीने गंमत अशी, की पारा विकायचा मक्ता राजाचा. त्यामुळे किती पारा नेला यावरून चांदी किती निघाली असणार याचा हिशेब सरकार बांधायचं आणि आपला पाचवा हिस्सा मागायचं. सीएसाहेब हे वाचून गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, हे तर ई-वे बिल आहे." (जीएसटीत माल हलवताना लागतो तो कागद.) त्यांना इतक्या आनंदात मी निकाल लागल्यावरही पाहिलं नव्हतं. लगेच चोरवाट आखली : न नोंदवलेली चांदी आरिकाऐवजी ब्युनोस आयर्सच्या बाजूने उतरवायची. ती चोरवाटही अस्सल आहे.

चाचणीत मधला डाव जोरात गेला. सतराव्या शतकाच्या आरंभी पोतोसीची वस्ती दीड लाखाच्या वर सांगतात. चिनी रेशीम, कोका (चघळायची पानं), दारू, दक्षिणेतल्या कुरणांवरची खेचरं, सगळं डोंगर चढून यायचं. आमच्या डावात ताईने एकही खाण घेतली नाही. कोका, मेणबत्त्या आणि खेचरं विकत बसली, आणि नवव्या फेरीला आम्हा तिघांवर तिची उधारी होती. (चौथी जागा शेजारच्या अकरावीतल्या मुलाने भरली होती. तो सगळ्यांत आधी बुडाला, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.)

२ ऑगस्ट

आजची नोंद "खिशातला मजूर" या पत्त्याबद्दल.

गावातून माणूस पाठवायचा नसेल तर प्रमुखाने त्याच्या बदली रोकड द्यायची, ही सोय पुढे रूढ झाली. मालकाने त्या पैशात दुसरा मजूर लावावा अशी अपेक्षा. पण खनिजाचा कस उतरला होता. मालकाला कळलं, की मजूर लावून दगड फोडण्यापेक्षा आलेली रोकड खिशात घालणं जास्त किफायतीचं आहे. अशा न आलेल्या मजुरांना स्पॅनिशमध्ये "इंदिओस दे फाल्त्रिकेरा" म्हणत, खिशातले मजूर. गिरणीचं चाक बंद, खाणीत पाणी, आणि मालक मात्र खाणमालकच.

हा नियम घालून खेळलो. सीएसाहेबांनी सहाव्या फेरीनंतर एकही दगड फोडला नाही. फक्त वसुली केली आणि जिंकले. मला हा नियमातला दोष वाटला, दुरुस्त करायला निघालो. ताई म्हणाली, राहू दे. तुला गाव कसं मोडतं तेच दाखवायचं होतं ना?

राहू दिला. फक्त एवढं केलं, की खिशातले मजूर जास्त झाले की गावाच्या बाजारातला गल्ला आटतो, आणि शेवटी ताईच्या मेणबत्त्या कोणी घेत नाही.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताई राखी बांधायला आली आणि पटावर वाकून बसली ती ओवाळायचं विसरली. मग आईने आठवण केली.

चांदीच्या भावाचा तक्ता आज पक्का. चांदीची किंमत खाणीत ठरत नाही. चीनमध्ये मिंग सरकारने कर चांदीत घ्यायला सुरुवात केली आणि तिथे चांदीची भूक सुटली. १५९०च्या आसपास कॅन्टनमध्ये एक तोळा सोन्याला सहाएक तोळे चांदी पडायची, स्पेनमध्ये बारा ते चौदा. म्हणजे चांदी चीनला नेऊन सोनं घ्यायचं, एवढ्यानेच पैसे दुप्पट. मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपाइन्समधल्या मनिलाला जहाजं याच भांडवलावर चालली. १६४०च्या सुमारास ही तफावत जवळपास मिटली. खाण तीच, दगड अधिक खोलवरचा, आणि तोळ्याला मिळणारा माल कमी.

यात आपणही आहोत. ही चांदी सुरतेला उतरायची, टांकसाळीत जायची, स्पॅनिश रियाल नाणी वितळून रुपये पडायचे. आठ रियालचं एक स्पॅनिश नाणं २७ ग्रॅमचं, मुघल रुपया साडेअकरा. एकाचे दोन रुपये आणि वर थोडं. म्हणजे आपल्या देशातल्या एखाद्या सावकाराच्या तिजोरीतल्या रुपयात सेर्रो रिकोची चांदी असणं अगदी शक्य. पटाच्या कडेला "सुरत" हे घर टाकलं. खेळात त्याचा फार उपयोग नाही. पण काढवत नाही.

१५ ऑगस्ट

नाणी छापून आली. कोपऱ्यावरच्या एका छापखान्यात गणपतीच्या पावतीपुस्तकांच्या गर्दीत आमचे ४०० गोल चकते कसेबसे घुसवले होते. निम्म्यांवर रुपेरी शाई फिकी बसली आहे, बोट फिरवलं की खालचा राखाडी पुठ्ठा दिसतो. छापणारे म्हणतात, "दादा, लांबून काय कळत नाही." पैसे मात्र पूर्ण घेतले.

चिडलो, मग हसू आलं. १६४९ साली पोतोसीच्या टांकसाळीत नेमकं हेच सापडलं. नाण्यांत चांदी कमी, तांबं जास्त. चौकशीला नेस्तारेस मारिन नावाचा अधिकारी आला. गोमेस दे ला रोचा या चांदीच्या बड्या व्यापाऱ्याला १६५० साली देहदंड झाला. जुनी नाणी उतरवून नवीन छाप आणला, दोन खांब आणि समुद्राच्या लाटा. पण तोवर जगभरचे सराफ पोतोसीचं नाणं दिसलं की कसोटीला लावून बघायला लागले होते. एकदा टंचाबद्दल शंका आली की गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं दगडावर घासूनच घेतं, हे हुपरीत कोणीही सांगेल.

फिके चकते टाकले नाहीत. तेराव्या फेरीला "टांकसाळ" पत्ता निघाला की ज्याच्याकडे फिके असतील त्याचे अर्ध्या भावात जातील. आता खेळाडू आठव्या फेरीपासूनच फिके चकते एकमेकांच्या गळ्यात मारायला बघतात. छापखान्याला हे सांगितलेलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

मामा पुण्यात माल द्यायला आले होते. सीझनची घाई, तरी बसले. शेवट अजून ठरत नव्हता. १७१९च्या साथीचा पत्ता झाला, १७३६ मध्ये राजाने पाचवा हिस्सा सोडून दहावा केला तो पत्ता झाला, १७७३ साली पूर्ण झालेली भलीमोठी नवी टांकसाळही झाली (आज ती संग्रहालय आहे), १८१२ला स्पेनमधल्या कादिसच्या संसदेने मिता रद्द केली. ऑक्टोबर १८२५ मध्ये स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी बोलिव्हार डोंगर चढून माथ्यावर गेला तेव्हा खाली उरलेलं गाव दहा हजारांच्याही आत होतं. पण तेव्हाही खाण चालूच. डाव थांबवायचा कुठे?

परवा रात्री नियम लिहिला : डाव संपत नाही, खेळाडू उठतो. ज्याला वाटेल त्याने आपली नाणी मोजून पटावरून उठावं. पुढे भाव पडत राहतो, त्यामुळे लवकर उठणाऱ्याची चांदी भारी.

सीएसाहेब अकराव्या फेरीला उठले. ताई बाराव्याला. मी चौदाव्याला, तेही फिक्या चकत्यांनिशी. मामा उठेनात. त्यांच्याकडे खाण नव्हती, तीन काखचा होत्या, आणि ते रविवारी रविवारी ओस पडलेल्या खाणींतून एकेक चकती आणत होते. सीएसाहेबांनी घड्याळ दाखवलं. मामा म्हणाले, "तुमी उठला की. मी कशाला उठू? अजून झाडायचं हाय."

सोळाव्या फेरीला मी तळाशी ठेवलेला पत्ता निघाला, कथील. शतकानुशतकं चांदीसाठी खणताना जे धातुक बाजूला टाकत गेले, त्याच ढिगाऱ्यांत आणि शिरांत कथील होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला भाव आला आणि डोंगर पुन्हा गजबजला. हा पत्ता जो अजून बसलाय त्याला.

हिशेब केला. मामा दुसरे आले. पहिले सीएसाहेबच.

आवरताना मामांनी सतरंजी उचलून दारात झटकली, खाली पडलेल्या सोंगट्या मोजून डब्यात टाकल्या. एक कमी भरली. गाडीची वेळ झाली होती, तरी ती सोफ्याखालून निघेपर्यंत त्यांनी चपला घातल्या नाहीत.

राहिलेली कामं : डोंगराचं चित्र (आठवा प्रयत्न), नियमावलीतले ऱ्हस्व-दीर्घ, गावपटावरच्या सातव्या शेताचा रंग.